हेपझिबा थ्रॉल, लहानपणीच वारली

आमच्या घराण्याचं पुस्तक मी लिहिलं. दोनशे बारा पानं, तपकिरी कापडी बांधणी, आणि मॅसॅच्युसेट्सच्या या कोपऱ्यातल्या प्रत्येक वाचनालयात एकेक प्रत. त्याच्या एकेचाळिसाव्या पानावर, डीकन ओबेडाया थ्रॉलच्या भावंडांच्या यादीत एक ओळ आहे: ‘हेपझिबा, जन्म १७३१, लहानपणीच वारली.’

ती ओळ खोटी आहे. लिहिताना ती खोटी आहे हे मला ठाऊक होतं. मला ते कोणी लिहायला लावलं नव्हतं, हेही आधीच सांगते, नाहीतर वाचणारा उगाच माझ्या म्हाताऱ्या बापावर संशय घ्यायचा. बापाला यातलं काही माहीत नव्हतं. सगळं मीच केलं.

मी एकोणतीस वर्षं या गावच्या दप्तराची कारकून होते. १९८८ च्या हिवाळ्यात तळघरात पाण्याचा नळ फुटला, तेव्हा जुने गठ्ठे मी वर आणून वाळत घातले. त्यात एक कागद होता, जानेवारी १७६२ चा. असले कागद गावात शेकड्यांनी आहेत. तेव्हाची रीतच होती ती. परगावचं गरीब माणूस येऊन राहिलं की गावचे पंच नोटीस काढायचे: चौदा दिवसांत निघून जा. उद्या ते माणूस आजारी पडलं, अन्नाला महाग झालं, तर गावाच्या गळ्यात पडू नये म्हणून. कॉन्स्टेबल दारात उभा राहून ती नोटीस वाचून दाखवायचा. बऱ्याचदा लोक तसेच राहायचे आणि पंचही काणाडोळा करायचे. कागद झाला की गाव मोकळं.

हा कागद मात्र हेपझिबाच्या नावाचा होता. ओबेडायाच्या सख्ख्या बहिणीच्या. ती उत्तरेकडे, न्यू हॅम्पशायरच्या नव्या वस्तीत दिली होती, लल नावाच्या पिंपं बनवणाऱ्या माणसाला. तो मेला. पदरात दोन पोरं घेऊन ती शरद ऋतूत माहेरी आली. पण कायद्याने बायको नवऱ्याच्या गावची. जिथे जन्मली त्या गावाला ती परकी. म्हणून पंचांनी नोटीस काढली. पंच पाच, तिघांच्या सह्या पुरत होत्या. या कागदावर चार आहेत. चौथी ओबेडायाची, कारण तोही पंच होता, आणि सगळ्यांत मोठी.

ओबेडाया, चर्चचा डीकन म्हणजे कारभारी, हा आमचा मानाचा माणूस. चर्चच्या भिंतीवर त्याच्या नावाची पाटी आहे. दर ऑगस्टला सगळे थ्रॉल जमतात, भट्टीत शिजवलेल्या घेवड्याचं मडकं आणि काळा पाव घेऊन, आणि मी उभी राहून सांगते की दुष्काळाच्या साली ओबेडायाने आपलं मक्याचं कोठार गावाला कसं उघडून दिलं. तेही खरं आहे. कोठार त्याने खरंच उघडलं होतं. पण मी तो कागद घरी आणला, चादरींच्या पेटीत तळाशी ठेवला आणि दोन वर्षांनी पुस्तकात ती ओळ छापली. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, तशी छत्तीस वर्षं मूठ झाकून बसले.

नोकरी सुटल्यापासून दर गुरुवारी मी वाचनालयाच्या मागच्या खोलीत बसते. कोणी आपला खापरपणजा शोधत आलं तर मदत करते. गेल्या ऑक्टोबरात अशाच एका गुरुवारी दहा वाजता एक बाई आली. साठीच्या आत-बाहेरची, पुरुषी शर्ट, चिखलाचे बूट, हातात मेपलच्या पाकाचा डबा. पुढच्या टेबलाशी फ्लॉसी बसते. ती पुस्तकांवर शिक्के मारते आणि तोंड चालवते.

“कोणाला शोधताय?” फ्लॉसीने विचारलं.

“मिस लोइस थ्रॉल भेटतील का?”

“ही काय बसलीय! विचारा हिला. अख्खं गाव हिच्या पोटात आहे. फक्त बाहेर काढायला चहा पाजावा लागतो.”

ती बाई हसली आणि सरळ माझ्याकडे येऊन तिने माझा हात दोन्ही हातांत धरला. “मी नोरीन टटल. ईस्ट कॉर्बेटहून आले, न्यू हॅम्पशायर. माझ्या आईला तुम्ही पत्रं लिहायचात. बर्निस टटल.”

नाव मी लगेच ओळखलं. बर्निस टटलची तीन पत्रं आली होती. १९९३, १९९७ आणि २००६. निळी शाई, शाळेतलं अक्षर, आणि प्रत्येक वेळी सोबत तिकीट लावलेलं, तिचाच पत्ता घातलेलं पाकीट, मला त्रास नको म्हणून.

“आई मार्चमध्ये गेली,” नोरीन म्हणाली. “एकोणनव्वद पूर्ण. तुमची तिन्ही उत्तरं तिने बायबलात ठेवली होती. म्हणायची, मी किती गावांना लिहिलं, पण त्या एकट्या बाईने दरवेळी आठवड्याच्या आत उत्तर दिलं. म्हटलं, आपण जाऊन आभार मानावेत. हा घ्या, आमच्याच झाडांचा पाक आहे.”

मी डबा घेतला. उत्तर पाठवण्यात मी कधी आळस केला नाही, हे खरंच आहे. दरवेळी एक छान टाइप केलेलं पान: आपली चौकशी मिळाली, आमच्या दप्तरात अशा कोणत्याही स्त्रीची नोंद आढळत नाही, आपल्या शोधास शुभेच्छा. खाली सही आणि गावाचा शिक्का.

“बसा ना,” मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

तिने पिशवीतून वही काढली. वही आईची होती. “आमच्या सगळ्या वंशवेली एका बाईपाशी येऊन थांबतात. विधवा हेपझिबा लल. १७६४ साली आमच्या चर्चच्या वहीत तिचं नाव येतं, दोन मुलं, अझूबा आणि एनॉस, आणि पुढे लिहिलंय, ‘कुठून आली माहीत नाही’. बस. त्याच्यामागे काळोख. आई चाळीस वर्षं तिथे डोकं आपटत होती. वडील म्हणायचे, अगं बर्निस, ती बाई आभाळातून पडली असेल, सोड आता.”

“आणि तुमच्या आईने थ्रॉल घराण्यालाच का लिहिलं?” मी विचारलं. चोराच्या मनात चांदणं. मला ते पाठ होतं, तरी विचारलं.

“एनॉसच्या मुलाचं नाव थ्रॉल होतं ना! थ्रॉल लल. आमच्याकडे बायकांच्या माहेरचं आडनाव नातवाला ठेवतातच की. आई म्हणायची, हेपझिबाने नाव राखलंय, म्हणजे ती तिथलीच. तुम्ही लिहिलंत की नाव एखाद्या शेजाऱ्याचं किंवा पाद्र्याचंही असू शकतं. मग आईने ते मान्य केलं. म्हणाली, त्या जाणकार आहेत, त्या म्हणतात तर असेल.”

फ्लॉसी लांबून ओरडली, “लोइस, काखेत कळसा आणि गावाला वळसा असं तर नाही ना? तुझ्याच पुस्तकात बघ की एखादी हेपझिबा!”

मला वाटलं, मी जमिनीत जावं. नोरीनने पुस्तक मागितलं. फ्लॉसीने कपाटातून काढून दिलं. नोरीनचं जाड बोट यादीवरून खाली खाली येत एकेचाळिसाव्या पानावर थांबलं.

“आहे की एक! हेपझिबा, १७३१. वयही बसतं.” तिने पुढे वाचलं. “अरेरे. लहानपणीच वारली.”

“हो,” मी म्हटलं. “ती नव्हे.”

मी हे बोलले. तोंडाने. तिच्या डोळ्यांत बघून. छापलेलं खोटं आणि बोललेलं खोटं यांत फरक असतो. छापताना समोर कोणी नसतं.

नोरीनने पुस्तक मिटलं नाही. थोडा वेळ त्या ओळीवर हात ठेवून बसली. “किती वर्षांची होती गेली तेव्हा?”

“ठाऊक नाही.”

“दफनभूमीत तिचा दगड आहे का? नाही म्हणजे, आईला एक सवय होती. कुठल्याही दफनभूमीत गेली की लहान मुलांच्या दगडावर एखादं फूल ठेवायची. म्हणायची, मोठ्यांना विचारणारे असतात, यांना कोण विचारणार? मी गाडीत शेवंती आणलीय. आमची नाही म्हणून काय झालं, बिचारीच्या दगडावर ठेवून येऊ.”

जी मुलगी लहानपणी मेलीच नव्हती, तिच्यासाठी ही बाई फुलं घेऊन निघाली होती. आणि मी तिला ओल्या गवतातून नेऊन कुठला दगड दाखवणार होते? एखाद्या दुसऱ्याच्याच पोराचा? क्षणभर मी तेही मनात आणलं. शेवाळाने अक्षरं बुजलेला एक छोटा दगड आहे खालच्या बाजूला, कोणाला कळलं नसतं. इतकी खालची पायरी मी गाठली होती, आणि ती मला स्पष्ट दिसली.

“दगड नाही,” मी म्हटलं. “तुम्ही माझ्या घरी चला. तुम्हाला एक दाखवायचं आहे.”

“केक खायला घालणार असेल तर नको म्हणा,” फ्लॉसी म्हणाली. “दगडच तो.”

माझं घर म्हणजे ओबेडायाचंच घर. छप्पर नवं, खिडक्या नव्या, भिंती त्याच. वाटेत गाडीत नोरीन आईबद्दल बोलत होती, बर्निस शाळेच्या बसची ड्रायव्हर होती, रविवारी टेबलभर कागद पसरून बसायची, पोरं चिडवायची. मी हं हं करत होते. मला एवढंच कळत होतं की दहा मिनिटांनी ही बाई मला असं काही सांगणार नाही.

मी तिला स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसवलं. वर जाऊन चादरी उपसल्या आणि कागद आणून तिच्यापुढे ठेवला. तिने चष्मा चढवला, कागद जवळ नेला, लांब नेला.

“अक्षर नाही लागत मला. वाचून दाखवा ना.”

हे मी धरून चालले नव्हते. मला वाटलं होतं ती वाचेल आणि मी खिडकीबाहेर बघत राहीन.

मी वाचलं. “महाराजांच्या नावाने, या गावच्या कॉन्स्टेबलास आज्ञा. विधवा हेपझिबा लल आणि तिची दोन मुलं, अझूबा, वय चार, आणि एनॉस, वय दीड, ही या गावची रहिवासी नसून गावाच्या परवानगीवाचून इथे येऊन राहिली आहेत. त्यांनी चौदा दिवसांत गाव सोडावं, असं त्यांना बजावावं.” खालच्या चार सह्या वाचल्या. चौथी ओबेडायाची. मग कागद उलटला. मागे कॉन्स्टेबलचं टिपण आहे. “आज मी सदर विधवेस तिचा भाऊ डीकन थ्रॉल याच्या स्वयंपाकघरात वरील हुकूम वाचून दाखवला. ती म्हणाली, मी याच खोलीत जन्मले. पंधराव्या दिवशी मी तिला व मुलांना घसरगाडीवरून उत्तरेच्या शिवेपर्यंत नेऊन सोडलं. बर्फ पडत होतं.”

नोरीन उठून उभी राहिली. “अझूबा आणि एनॉस,” ती म्हणाली. “अझूबा आणि एनॉस! अहो, हीच ती! हीच आमची!” ती हसत होती आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तिने छताकडे बघितलं. “आई, सापडली गं. तिला बाप होता, घर होतं. तू म्हणत होतीस तेच.” मग ती खोलीभर फिरली. चुलीच्या जुन्या दगडाला हात लावला, भिंतीला लावला. “ही खोली? हीच?”

“हीच.”

“आणि हाकलून दिल्यावरसुद्धा तिने नातवाला याच लोकांचं नाव दिलं. बघा तरी. मी असते तर कुत्र्याला दिलं नसतं.” ती आनंदात बोलत होती, मला लागावं म्हणून नव्हे. मग येऊन तिने मला मिठी मारली. घट्ट, शेतकरी बाईसारखी. “तुमचे उपकार कसे फेडू? आत्ताच कुठे सापडला असणार ना हा? नाहीतर तुम्ही आईला कळवलंच असतं.”

तिने वाटच करून दिली होती. नुसतं ‘हो’ म्हटलं की झालं. गेल्या महिन्यात सापडला, पेटी आवरताना, म्हातारपणी काय काय निघतं बघा. ती मिठी तशीच राहिली असती. पुढच्या ऑगस्टला तिला बोलावलं असतं, घेवडा वाढला असता, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या असत्या. ‘हो’ ओठांपर्यंत आलंही होतं. पण तिच्या शर्टाला लाकडाच्या धुराचा वास येत होता, आणि माझ्या डोळ्यांपुढे बर्निसचं ते निळं अक्षर आलं: आपल्याला त्रास देते आहे, क्षमा असावी.

“१९८८ मध्ये,” मी म्हटलं.

तिने हात काढले नाहीत, फक्त ते सैल झाले. “काय १९८८ मध्ये?”

“तेव्हा सापडला. तुमच्या आईचं पहिलं पत्र येण्याच्या पाच वर्षं आधी. दप्तरातून मीच घरी आणला. पुस्तकातली ती ओळही मीच लिहिली, हे ठाऊक असून. तिन्ही पत्रांच्या वेळी कागद वर पेटीत होता.”

ती खुर्चीत बसली. मला वाटलं, आता ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं.

“का?” तिने विचारलं.

“लाज वाटली.”

“कोणाची?”

“ओबेडायाची. त्याने केलं त्याची.”

“तो मरून दोनशे वर्षं झाली,” ती म्हणाली. हळूच, एखाद्या पोराला समजावतात तसं. “मेलेल्याची लाज वाटली तुम्हाला. माझी आई जिवंत होती हो. बसच्या पगारातून तिकिटं लावून पाठवत होती. १९९३ मध्ये अठ्ठावन्नची होती, दोन तासांत गाडी हाकत इथे आली असती. या टेबलाशी बसली असती. शेवटी तर ती सारखी म्हणायची, माझंच काहीतरी चुकलं असणार, मी शिकलेली नाही ना, मला शोधता आलं नाही.”

मी म्हटलं, “मला माफ करा.” ते इतकं पोकळ वाजलं की मी पुन्हा म्हटलं नाही.

“पुस्तकाचं काय करणार?”

“दुरुस्तीची चिठ्ठी छापेन. प्रत्येक वाचनालयात जाऊन स्वतः चिकटवेन. ऑगस्टला सगळ्यांपुढे वाचेन.”

“त्यात काय लिहाल? ‘नवीन माहितीनुसार’?”

मी खरंच तसंच लिहिणार होते. गाडीत बसल्या बसल्या मनात ते वाक्य जुळवूनही ठेवलं होतं. तिने ते माझ्या चेहऱ्यावर वाचलं.

“नाही,” मी म्हटलं. “मी लपवलं, असं लिहीन. कधीपासून, तेही. नाव घालून.”

“बर्निस टटल हेही नाव घाला.”

“घालते.”

तिने कागद आपल्याकडे ओढला, पण उचलला नाही. दोन्ही तळवे त्याच्या दोन बाजूंना टेबलावर ठेवले. मला वाटलं पाणी हवं असेल, म्हणून मी पेल्याकडे वळले.

“नको,” ती म्हणाली. “मला इथे जरा बसायचंय. एकटीला. तिच्या खोलीत.” मग थांबून, अगदी शांतपणे: “तुम्ही बाहेर व्हा.”

मी पेला ठेवला आणि बाहेर आले. दार मागे ओढून घेतलं. अंगणात वारा होता आणि मेपलची पानं पायरीवर साचली होती. माझा कोट आत खुंटीला राहिला होता. घर माझं, दार माझं, थंडीने दात वाजत होते, पण कोट मागायला ते दार ठोठावावं असा हक्क मला माझा वाटेना. मी पायरीवर बसून राहिले.